रविवारी नक्की येते

वहिनींचा फोन आला तेव्हा चिमी एका खालच्या जबड्यात दाढा बसवत होती. खऱ्या नव्हे, प्लास्टरच्या जबड्यात. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे ती कवळ्या बनवायची. त्या खोलीत सगळ्यावरच प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली असायची: टेबलावर, खिडकीच्या काचेवर, रेडिओवर आणि चिमीच्या भुवयांवरसुद्धा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चिमी म्हणणं शोभत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण शेंडेफळाचं ऐकतो कोण? आईने ठेवलं, दादाने चालवलं, आणि मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही बिनदिक्कत तेच म्हणू लागल्या.

"अगं, बागेत फुलं आलीत म्हणे," वहिनी म्हणाल्या. "तुझा दादा सकाळपासून पेपरातला फोटो मांडीवर घेऊन बसलाय. माझ्या कमरेचं तर तुला माहीतच आहे, ती चाकांची खुर्ची मला काही ढकलवत नाही. मुलगा तिकडे लांब नोकरीवर. तू नेशील का गं त्याला एखाद्या दिवशी?"

चिमीने हातातली दाढ मेणात टेकवली, अंगठ्याने दाबली, वरचा जबडा खाली आणून चावा नीट जुळतोय ना ते बघितलं, आणि मगच उत्तर दिलं.

"नेईन की. रविवारी येते, नक्की. तयार ठेवा त्याला."

फोन ठेवला आणि तिला आतून अशी उकळी फुटली की पुढची दाढ हातातून निसटून टेबलाखाली गेली. ती शोधायला ती गुडघ्यांवर बसली, आणि तिथे, टेबलाखाली, एकटीच हसली. रविवारी जायचा तिचा अजिबात विचार नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हता. फुलं येतात ती जेमतेम महिनाभर टिकतात, मग माळी सगळे वाफे खणून मोकळे करतात. तेवढे रविवार दादाला खिडकीत बसवून ठेवायचं, आणि प्रत्येक रविवारी संध्याकाळी त्याच्या तोंडाला पानं पुसायची, एवढंच तिला करायचं होतं. हे कुणाला क्षुल्लक वाटेल. ज्यांना वाटेल त्यांनी चिमीच्या आईला खिडकीत बसलेलं बघितलेलं नाही.

आईचे शेवटचे काही वसंत चाकांच्या खुर्चीतच गेले. ती चिमीकडे असायची. म्हणजे तिचं उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं चिमीकडे, आणि तिचं कौतुक सगळं दादाकडे. दादा कंपनीत मोठा साहेब. त्याने एकदा येऊन आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, या वर्षी तुला बागेतली फुलं दाखवायची. मी नेणार, मी स्वतः. रविवारी येतो, नक्की."

झालं. रविवार उजाडला की आई पहाटेपासून मागे लागायची. निळा स्वेटर काढ, केस नीट विंचर, मोजे जाडे घाल, बागेत वारा असतो. आणि पाणी प्यायची नाही. एक घोटही नाही, चहासुद्धा नाही. बागेत लागली तर काय करायचं? पोराला उगाच त्रास नको. खिडकीशी बसायची, आणि दुपार झाली, ऊन कललं, की ओठ वाळून पापुद्रे निघायचे. चिमी पेला घेऊन उभी राहायची. "आई, दोन घोट घे गं." "नको म्हटलं ना, आता येईलच तो."

दिवे लागायच्या सुमारास फोन यायचा. "आई, काम निघालं गं ऐनवेळी. पुढच्या रविवारी नक्की." आई गोड आवाजात म्हणायची, "असू दे रे, तू दमत असशील." फोन ठेवायची आणि मग अख्खा तांब्या घटाघटा प्यायची. ते गटगट चिमीच्या कानांतून आजवर गेलेलं नाही.

कुणी म्हणेल, मग चिमीनेच का नाही नेलं? अहो, न्यायला तयार होती की! दर शनिवारी विचारायची. पण आई ऐकेल तर शपथ. "तो आला आणि आपण घरी नसलो तर? त्याला किती वाईट वाटेल!" त्याला वाईट वाटेल. चिमीला काय वाटेल हा प्रश्नच त्या घरात कधी कुणाला पडला नाही. ती जवळच असायची ना, मग तिची वाट कोण बघणार?

असे वसंत गेले, आणि एका हिवाळ्यात आई गेली. दादा भला मोठा गुच्छ घेऊन आला, आलेल्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्यांत मोठ्याने रडला, आणि म्हणाला, "आईला फुलांची फार आवड होती हो." चिमी तेव्हा स्वयंपाकघरात पेले विसळत होती. तिने ते वाक्य ऐकलं, नळ बंद केला आणि दातओठ खाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने जो डूख धरला तो सोडला नाही. मग गेल्या हिवाळ्यात दादाला झटका आला, डावी बाजू लुळी पडली, दातही गेले. त्याची कवळी चिमीनेच बनवली. कुठे टोचणार नाही, कुठे हलणार नाही अशी बनवली, कारण काम ते काम. कवळीत काही राग काढता येत नाही. पण बाहेर काढायचा राहिला होता, आणि ती संधी वहिनींनी आपण होऊन तिच्या हातात आणून दिली.

पहिला रविवार. चिमी उशिरा उठली, पांघरुणं उन्हात टाकली, डोक्यावरून पाणी घेतलं, टेबलाशी बसून सावकाश जेवली. चार वाजता वहिनींचा फोन आला, तिने उचलला नाही. दिवे लागल्यावर स्वतःच केला.

"दादा, काम निघालं रे ऐनवेळी. पुढच्या रविवारी नक्की."

शब्दही तेच, सूरही तोच. पलीकडून दादाचा आवाज आला, झटक्यानंतर थोडा जड झालेला. "असू दे गं, चिमे. तू दमत असशील."

हे मात्र तिला झोंबलं. हे वाक्य त्याचं नव्हतं, आईचं होतं, आणि त्याने ते बिनदिक्कत उचललं होतं.

दुसऱ्या रविवारी तिला घरी राहवेना. दादाच्या घरासमोर रस्त्यापलीकडे एक बेकरी होती, तिच्या काचेआडच्या टेबलाशी ती जाऊन बसली. दादाची खिडकी पहिल्या मजल्यावर. तो होताच तिथे. केस पाणी लावून चापून बसवलेले, तपकिरी कोट, गळ्यात मफलर, मांडीवर टोपी. रस्त्यावरून कुणी बाई जाताना दिसली की त्याची मान तिच्यामागे वळायची, आणि ती कोपऱ्यापलीकडे गेली की परत यायची. चिमीने कॉफी मागवली, केकचा तुकडा मागवला, तो संपल्यावर आणखी एक मागवला.

खोटं कशाला सांगा, तिला मजा आली. नुसत्या सुडाची मजा असती तर समजण्यासारखं होतं. पण यात आणखी एक चव होती आणि ती तिच्या ओळखीची नव्हती. कुणीतरी आपली वाट बघतंय. मफलर गुंडाळून, भांग पाडून, फक्त आपण यावं म्हणून कुणी खिडकीत बसलंय, आणि आपण इथे बसून केक खातोय. पन्नाशी उलटून गेली तरी हे सुख तिच्या वाट्याला आलं नव्हतं. दादाने हे किती रविवार उपभोगलं होतं! मग येईल कशाला तो? एकदा आला की वाट बघणं संपलं. चिमीला क्षणभर भाऊ चांगलाच समजला, आणि समजल्यामुळे तो जास्तच डोक्यात गेला.

तिसऱ्या रविवारीही तिने फोनवर तेच काम काढलं. त्यानंतर एका दुपारी वहिनी दवाखान्यातच आल्या. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर स्टुलावर बसल्या, ओढणीचं टोक हातात धरलं आणि म्हणाल्या, "चिमी, तुला वेळ नसेल तर तसं सांग बाई. त्याला काहीतरी समजवायला हवं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर गाडीतून न्यायला तयार होते परवा. खुर्ची डिकीत टाकू म्हणाले. तर हा म्हणतो, नको, चिमी येणार आहे. ती आली आणि मी नसलो तर तिला वाईट वाटेल."

चिमीच्या हातातली मेण कोरायची सुरी थांबली.

"आणि रविवारी सकाळपासून पाणी पीत नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "विचारलं तर म्हणतो, बागेत लागली तर तिला त्रास नको. ओठ बघ त्याचे, कसे झालेत."

दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती. चिमीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता वाट बघण्याचं पुण्यही यालाच! आयुष्यभर आईची माया याला, साहेबी याला, आणि आता आईचं सोसणंही हाच घेऊन बसणार. कोरड्या ओठांनी खिडकीत बसून संत होणार, आणि न जाणारी चिमी तेवढी दुष्ट. तिने वहिनींना चहा पाजला, "या रविवारी काहीही झालं तरी येते" म्हणून सांगितलं, आणि त्या गेल्यावर यंत्र सुरू करून एक कवळी इतकी घासली की ती फेकून द्यावी लागली. न जाण्याचा सूड फुकट गेला होता. आता जायला हवं होतं. दादा कशाला एवढा भितो ते तर त्यानेच वहिनींना सांगून ठेवलं होतं.

रविवारी ती मोठा थर्मास भरून निघाली.

दादा तिला बघून लहान मुलासारखा हरखला. "आलीस!" म्हणाला, आणि वहिनींकडे असं बघितलं की बघ, म्हणालो नव्हतो? चिमीने त्याच्या पायांवर पांघरूण घातलं, खुर्ची लिफ्टमध्ये घातली आणि बागेचा रस्ता धरला.

फुलांचा बहर ओसरत आला होता. ट्यूलिपच्या पाकळ्या उघडून उघडून पार आडव्या झाल्या होत्या, वाऱ्याची झुळूक आली की गळून मातीवर पडायच्या. तरी लाल, जांभळे, केशरी वाफे लांबवर पसरले होते, आणि गुलाबी मोहोराच्या झाडांखाली लोक फोटो काढायला रांग लावून उभे होते. बागेतलं स्वच्छतागृह फाटकाजवळच होतं. चिमीने ते नीट बघून ठेवलं, आणि खुर्ची ढकलत ढकलत बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकाडावरच्या बाकापाशी नेली. ब्रेक लावला, थर्मास उघडला.

"घे."

"नको गं, चहा नको."

"सकाळपासून घसा कोरडा आहे तुझा. वहिनींनी सांगितलंय मला. मी मुद्दाम करून आणलाय, दादा."

बहिणीने मुद्दाम करून आणलेला चहा नको कसा म्हणणार? तो प्यायला. तिने पेला पुन्हा भरला. तोही प्यायला. तिसऱ्याला त्याने हात आडवा धरला, तर तिने चेहरा पाडला. तिसराही गेला.

"आईही रविवारी पाणी प्यायची नाही," चिमी म्हणाली. "माहितेय तुला?"

"नाही."

"कसं माहीत असणार? त्यासाठी यावं लागतं."

चिमीने मग हातचं काही राखलं नाही. निळा स्वेटर सांगितला, मोजे सांगितले, ओठांचे पापुद्रे सांगितले, रात्रीचा तो तांब्या सांगितला. एवढी वर्षं मनात घोळवलेलं, त्यामुळे कुठे अडखळली नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला, आणि तो जागच्या जागी सरकला. चिमीला ते दिसलं. याच क्षणाची ती वाट बघत होती.

"तो पिवळा वाफा बघ ना, दादा. काय सुंदर!"

"चिमे, घरी जाऊ या."

"आत्ता तर आलो."

"मला जायचंय."

"कुठे?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. बाकावर एक जोडपं बसलं होतं. "बाथरूमला," तो पुटपुटला.

"वहिनींना बोलावू? का मुलाला फोन लावू?"

"चिमे."

"मोठा साहेब तू. सांग ना, कुणाला बोलावू?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिच्याकडे न बघता तो बोलला, आणि जड जिभेमुळे एकेक शब्द सुटा पडला. "मी आलो होतो. पहिल्या रविवारी. तुमच्या घराखालपर्यंत. आई खिडकीत दिसली मला. निळ्या स्वेटरमध्ये. आणि मनात आलं, हिला बागेत लागली तर? मी कसं नेणार? मुलाने आईला... मला ते जमलं नसतं गं. मी गाडी वळवली. मग दर रविवारी तेच. मी घरीच असायचो, चिमे. काम बिम काही नसायचं."

आळस असेल, विसर असेल, बायकोने अडवलं असेल, चिमीने सगळं गृहीत धरलं होतं. हे नव्हतं. जे ती दिवसातून पाच-सहा वेळा करायची, भाजी शिजत असताना मध्येच गॅस बारीक करून उरकून यायची, त्याच्या भीतीने हा बाप्या पळाला होता, आणि आई तहानलेली बसली होती. राग इतका आला की डोळ्यांपुढे फुलांचे रंग एकमेकांत मिसळले. आता तिने काही करायची गरज नव्हती. नुसतं थोडा वेळ गप्प उभं राहायचं होतं. बागेतल्या गर्दीत, चांगल्या पँटमध्ये, त्या बाकावरच्या जोडप्यासमोर जे व्हायचं ते आपोआप झालं असतं. एवढ्यासाठीच तर थर्मास भरला होता.

आणि तिच्या हातांनी ब्रेक काढला. दया आली म्हणून नव्हे. दया तिला कुठे दिसली असती तर तिने हाकलून दिली असती. पण त्या हातांना वर्षानुवर्षांची सवय. कुणी असं सरकलं की निघायचं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी चिमीला विचारलंच नाही. तिला कळेपर्यंत ती टेकाड उतरत होती, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत फोटोच्या रांगेतून खुर्ची घुसवत होती.

रुंद दाराची खोली मोकळी होती. तिने खुर्ची तिरकी लावली, ब्रेक दाबला.

"उजवा हात माझ्या गळ्यात. तसा नाही, पूर्ण. पाय टेक. माझ्याकडे बघू नकोस, भिंतीकडे बघ. हं, ऊठ."

तो उठला. तिने एका हाताने त्याला कमरेला धरलं, दुसऱ्याने पट्टा सोडला, वळवलं, बसवलं, आणि तोंड फिरवून भिंतीवरच्या फरशा बघत उभी राहिली. दादाने डोळे गच्च मिटले होते. मग पुन्हा हात गळ्यात, पुन्हा उठणं, कपडे वर, शर्ट आत, खुर्ची, पांघरूण. चिमी नळाशी गेली.

"झालं?" मागून दादाने विचारलं.

"झालं."

ती साबण चोळत होती. आरशात तो दिसत होता. डोळे उघडून तो त्या खोलीकडे बघत होता. भिंतीवरची दांडी, कागदाची गुंडाळी, बंद झाकण. काहीतरी मोठं अजून व्हायचं राहिलंय, अशा नजरेने.

"एवढंच?" तो म्हणाला.

चिमीने नळ बंद केला. तिला वाटलं, तो थट्टा करतोय. वळून त्याचा चेहरा बघितला आणि तिला कळलं, हे तो तिला विचारतच नव्हता. महिनाभर डोकं शिणवून तिने जे जे योजलं होतं, त्यातलं काहीही या एका शब्दाच्या जवळपास पोचणारं नव्हतं. तिला म्हणता आलं असतं की नाही रे, आई जड होती, तुला जमलं नसतं, तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आईने नक्की तसंच म्हटलं असतं. दादाही तोंड वर करून त्याचीच वाट बघत होता.

"एवढंच, दादा," चिमी म्हणाली.

तो रडायला लागला. या वेळी मोठ्याने नाही, कुणाच्या खांद्यावर नाही. तिने त्याला रुमाल दिला, दार उघडलं आणि खुर्ची बाहेर काढली. फाटक समोरच होतं, घरी जाता आलं असतं. तिने खुर्ची पुन्हा बागेकडे वळवली. लाल वाफ्यापाशी थांबली, जांभळ्यापाशी थांबली, केशरी वाफ्यापाशी थांबली, एकही चुकवला नाही.

"बघ," ती प्रत्येक ठिकाणी म्हणायची, आणि तो बघेपर्यंत हलायची नाही.